सभ्य गृहस्थांचा खेळ आणि दाराबाहेरची माणसे

2025 च्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या बेथपेज ब्लॅक या मैदानावर रायडर चषकाची गोल्फ स्पर्धा झाली. युरोपच्या संघाने अमेरिकेला तिच्याच घरात 15 विरुद्ध 13 गुणांनी हरवले. परंतु जगभर चर्चा झाली ती खेळाची नव्हे, तर प्रेक्षकांची. उत्तर आयर्लंडचा रोरी मॅकिलरॉय फटका मारायला उभा राहिला की गर्दीतून अर्वाच्य शिव्या सुरू व्हायच्या. प्रेक्षकांना उत्साह आणण्यासाठी नेमलेल्या निवेदिकेनेच शिवीच्या घोषणेत सूर मिसळला आणि तिला माफी मागून बाजूला व्हावे लागले. मॅकिलरॉयच्या पत्नीच्या दिशेने पेय फेकले गेले, ते तिच्या टोपीला लागले. स्पर्धेची यजमान असलेल्या ‘पीजीए ऑफ अमेरिका’ या व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेला नंतर दिलगिरी व्यक्त करावी लागली.

हा प्रकार निंद्यच आहे, त्याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पाहुणा म्हणून आलेल्या खेळाडूच्या बायकोला लक्ष्य करणे याला राष्ट्रप्रेम म्हणत नाहीत. पण या प्रकारानंतर पाश्चात्त्य क्रीडा समीक्षकांनी जो गळा काढला, त्याबद्दल मात्र आम्हाला दोन शब्द बोलायचे आहेत. सभ्य गृहस्थांचा हा खेळ आता बिघडला, पूर्वीची खिलाडूवृत्ती राहिली नाही, असा एकूण सूर होता. पूर्वीची म्हणजे नेमकी केव्हाची? आणि ती खिलाडूवृत्ती कुणाची, कुणाशी? हे प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

गोल्फ हा काही आमच्या वस्त्यांचा खेळ नव्हे. आमच्या वाचकांपैकी किती जणांनी गोल्फचे मैदान आतून पाहिले असेल? पाहिले असेल तर बहुधा गवत कापणाऱ्याच्या किंवा साहेबांची पिशवी वाहणाऱ्याच्या नात्याने. म्हणून थोडी पार्श्वभूमी सांगणे भाग आहे. इंग्लंडमधील सेंट अल्बन्स गावचे सॅम्युअल रायडर हे बियाण्यांचे व्यापारी. एका पेनीला फुलझाडांच्या बियांची पुडी विकून त्यांनी पैसा केला आणि त्यातून हा सोन्याचा चषक दिला. पहिली स्पर्धा 1927 मध्ये अमेरिकेतील वूस्टर येथे ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात झाली. पुढे ब्रिटनला अमेरिकेपुढे टिकाव धरता येईना, म्हणून 1979 पासून समोरचा संघ संपूर्ण युरोपचा झाला. दोन्हीकडे बारा-बारा खेळाडू, तीन दिवस, एकूण 28 गुण. गोल्फ हा एरवी एकेकट्याचा आणि बक्षिसाच्या पैशाचा खेळ. या एका स्पर्धेत मात्र बक्षिसाची रक्कम नाही, देशासाठी खेळायचे, हा तिचा मोठेपणा सांगितला जातो. 2025 मध्ये अमेरिकेच्या खेळाडूंना प्रत्येकी पाच लाख डॉलर देण्यात आले, त्यातले तीन लाख दानधर्मासाठी. युरोपच्या खेळाडूंनी काहीच घेतले नाही. असो.

या खेळात एक रिवाज मोठा लोभस आहे. समोरासमोरच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याचा चेंडू होलच्या अगदी जवळ आला असेल, तर ‘राहू दे, तो गेला असे मी धरतो’ असे म्हणून त्याला तो फटका माफ करता येतो. क्रिकेटमध्ये अशी सोय नाही, कबड्डीत नाही, कुस्तीत तर नाहीच. समोरच्याला त्याचा हक्क आपण होऊन देण्याची मुभा नियमातच आहे, आणि ती द्यायची की नाही हे ज्याच्या त्याच्या मनावर आहे. माणसाची पारख व्हायला एवढे पुरते.

1969 मध्ये इंग्लंडच्या रॉयल बर्कडेल मैदानावर ही पारख झाली. ती स्पर्धा मुळात कडवटच होती. ब्रिटिश कर्णधार एरिक ब्राऊन यांनी आपल्या खेळाडूंना, अमेरिकनांचा चेंडू गवतात हरवला तर शोधायला मदत करू नका, अशी ताकीद दिल्याचे सांगितले जाते. दोन्ही बाजूंच्या काही खेळाडूंत मैदानावरच बाचाबाची झाली. शेवटच्या दिवशी शेवटचा सामना, शेवटचे होल. दोन्ही संघ बरोबरीत. अमेरिकेचे जॅक निकलॉस यांनी आपला चेंडू होलमध्ये घातला. ब्रिटनचे टोनी जॅकलिन यांचा दोन-तीन फुटांचा फटका उरला होता. चुकला असता तर सगळे ब्रिटन त्यांना जन्मभर बोल लावत राहिले असते. निकलॉस यांनी जॅकलिन यांचा चेंडू खूण करून ठेवलेला तसाच उचलून दिला. सामना बरोबरीत सुटला आणि स्पर्धा 16-16 अशी. रायडर चषकाच्या इतिहासातली ही पहिली बरोबरी. चषक आधीचे विजेते म्हणून अमेरिकेकडेच राहिला, तरी अमेरिकेचे कर्णधार सॅम स्नीड यांना हे औदार्य मुळीच आवडले नाही. जिंकायला आलो होतो, वाटायला नाही, असा त्यांचा खाक्या. निकलॉस त्या वेळी 29 वर्षांचे होते आणि हा त्यांचा पहिलाच रायडर चषक होता. आम्ही निकलॉस यांना मोकळ्या मनाने मानतो. प्रतिस्पर्ध्याची मान शरमेने खाली जाऊ नये म्हणून आपला विजय सोडणारा माणूस कुठल्याही देशाचा असो, तो मोठाच.

त्यानंतरचा उतार सर्वांच्या परिचयाचा आहे. 1985 मध्ये युरोपने चषक जिंकला आणि अमेरिकेला हरण्याची सवय करावी लागली. 1991 मध्ये दक्षिण कॅरोलिनातील कियावा बेटावर स्पर्धा झाली तेव्हा आखाती युद्ध संपून काही महिनेच झाले होते. अमेरिकेचा कोरी पॅव्हिन सैनिकी रंगाची, युद्धमोहिमेचे नाव असलेली टोपी घालून खेळायला उतरला. वास्तविक त्या युद्धात ब्रिटन आणि फ्रान्सचे सैनिक अमेरिकेच्याच खांद्याला खांदा लावून लढले होते. ज्यांच्यासोबत युद्ध केले त्यांनाच खेळात शत्रू ठरवायचे, याला काय म्हणावे? 1999 मध्ये ब्रुकलाइनला तर कहर झाला. दोन दिवसांअखेर 10-6 असे पिछाडीवर असलेल्या अमेरिकेने शेवटच्या दिवशी मुसंडी मारली. सतराव्या होलवर जस्टिन लेनर्डने 45 फुटांवरून चेंडू होलमध्ये घातला आणि अमेरिकेचे खेळाडू, त्यांच्या बायका, सगळे त्या हिरवळीवर धावत सुटले. स्पेनच्या होसे मारिया ओलाझाबलचा फटका अजून बाकी होता. तो गेला असता तर होल बरोबरीत सुटणार होते. तो बिचारा बाजूला उभा राहून हा तमाशा पाहत राहिला, आणि मग त्याचा फटका चुकला. त्याच दिवशी स्कॉटलंडच्या कॉलिन माँटगोमेरीला इतक्या शिव्या बसल्या की त्याचे वडील मैदान सोडून निघून गेले. त्याच्याविरुद्ध खेळणाऱ्या अमेरिकेच्या पेन स्टुअर्टने अखेरच्या होलवर आपला चेंडू उचलून सामना माँटगोमेरीला देऊन टाकला. चषक तोवर अमेरिकेच्या खिशात गेलाच होता, हे खरे. पण आपल्याच लोकांच्या वागण्याची लाज वाटणारा एक माणूस त्या मैदानावर होता, एवढे तरी त्यामुळे दिसले. महिनाभराने स्टुअर्ट विमान अपघातात गेला.

इथपर्यंतची कथा सगळेच सांगतात. आम्हाला जी सांगायची आहे ती याच्या आधीची आहे.

अमेरिकेचा रायडर चषकाचा संघ पीजीए या संघटनेच्या सभासदांमधून निवडला जात असे. या संघटनेने 1934 मध्ये आपल्या घटनेत एक कलम घातले, की सभासद होण्यासाठी माणूस कॉकेशियन वंशाचा, म्हणजे गोरा असला पाहिजे. हे कलम 1961 पर्यंत कायम होते. म्हणजे ज्या संघाच्या छातीवर अमेरिकेचा झेंडा होता, तो सत्तावीस वर्षे केवळ गोऱ्यांचा संघ होता आणि तसा तो लेखी नियमाने होता. कृष्णवर्णीय माणूस कितीही चांगला खेळला तरी ‘देशासाठी’ खेळू शकत नव्हता. मग तो देश कुणाचा?

याचे एक उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारे आहे. 1938 मध्ये न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर जो लुई या कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्याने जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगला पहिल्याच फेरीत लोळवले. हिटलरच्या जर्मनीचे नाक कापले म्हणून अवघ्या अमेरिकेने त्याला डोक्यावर घेतले. तोच जो लुई 1952 मध्ये सॅन डिएगोच्या गोल्फ स्पर्धेत निमंत्रण घेऊन गेला, तर पीजीएने त्याला आधी दारातच अडवले. फार बोभाटा झाला तेव्हा हौशी खेळाडू म्हणून त्याला आत घेतले. पण त्याच्यासोबतच्या बिल स्पिलर या व्यावसायिक कृष्णवर्णीय खेळाडूने पात्रता फेरी रीतसर पार केलेली असूनही त्याला खेळू दिले नाही. त्या वेळी पीजीएचे अध्यक्ष होते हॉर्टन स्मिथ. हे गृहस्थ स्वतः रायडर चषकाचे जुने आणि नामांकित खेळाडू. युरोपीय पाहुण्यांशी हस्तांदोलन करताना सभ्यतेचा पुतळा असलेला माणूस आपल्याच देशबांधवाला कलम दाखवून परत पाठवतो. गोल्फची ‘पूर्वीची खिलाडूवृत्ती’ ती हीच.

स्पिलर आणि टेड रोड्स यांनी 1948 मध्येच पीजीएवर दावा लावला होता. रंगावरून भेद करणार नाही असे तोंडी आश्वासन मिळाले आणि दावा मागे घेतला गेला. त्यानंतर संघटनेने काय केले? खुल्या स्पर्धांना ‘निमंत्रितांच्या स्पर्धा’ असे नाव दिले आणि या लोकांना निमंत्रणच पाठवले नाही. ही चलाखी आमच्या वाचकांना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. नियम बदलतो, दार तेच राहते.

चार्ली सिफोर्ड यांचे नाव इथे घ्यावेच लागेल. उत्तर कॅरोलिनात जन्मलेला, पोरवयात गोऱ्यांच्या पिशव्या वाहणारा हा कॅडी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात ओकिनावाला होता. 1952 च्या फिनिक्स स्पर्धेत तो आणि त्याचे कृष्णवर्णीय सोबती पहिल्या होलपाशी पोहोचले, तर होलमध्ये मानवी विष्ठा भरून ठेवलेली होती. हे त्यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. 1961 मध्ये ग्रीन्सबरो येथे, दक्षिणेकडील राज्यात, ते खेळायला गेले तेव्हा फोनवर धमक्या आल्या आणि गोऱ्या टोळक्याने होलमागून होल त्यांच्या पाठीमागे फिरत शिव्या दिल्या. तशाही स्थितीत त्यांनी चौथा क्रमांक मिळवला. मॅकिलरॉयला 2025 मध्ये जे तीन दिवस सोसावे लागले ते वाईटच होते, पण तो निदान परदेशी तरी होता आणि त्याच्याभोवती पोलीस होते. सिफोर्ड तर त्याच देशाचा सैनिक. बेथपेजची गर्दी आकाशातून पडलेली नाही. ती ग्रीन्सबरोत होती, फिनिक्समध्ये होती. गोऱ्या समीक्षकांच्या कानावर तिच्या शिव्या तेव्हा आल्या नाहीत, कारण त्या त्यांच्या माणसाला दिलेल्या नव्हत्या.

ते कलम गेले कसे, हेही पाहण्यासारखे आहे. पीजीएला कुणाची दया आली नाही. सिफोर्ड यांची कैफियत कॅलिफोर्निया राज्याचे महाधिवक्ता स्टॅन्ली मॉस्क यांच्यापर्यंत पोहोचली. 1962 ची पीजीएची मुख्य स्पर्धा लॉस एंजेलिसला व्हायची होती. वर्णभेद करणारी संघटना आमच्या राज्यात स्पर्धा घेऊ शकत नाही, असे मॉस्क यांनी बजावले. संघटनेने स्पर्धाच उचलून पेनसिल्व्हेनियात नेली. कलम काढण्यापेक्षा मैदान बदलणे त्यांना सोपे वाटले! मॉस्क यांनी पिच्छा सोडला नाही, इतर राज्यांनाही सावध केले, तेव्हा कुठे 1961 च्या नोव्हेंबरमध्ये ते कलम रद्द झाले. औदार्याने जे सत्तावीस वर्षांत झाले नाही ते कायद्याच्या बडग्याने झाले. सिफोर्ड तेव्हा 39 वर्षांचे झाले होते. खेळाडूची उमेद संपत येण्याचे ते वय. तरी त्यांनी 1967 मध्ये हार्टफर्ड आणि 1969 मध्ये लॉस एंजेलिस या मोठ्या स्पर्धा जिंकल्या. रायडर चषकाच्या संघात ते कधीच आले नाहीत.

आता पुन्हा 1969 कडे वळून पाहा. निकलॉस यांनी जॅकलिन यांचा चेंडू उचलून दिला तो सप्टेंबर महिना. त्याच वर्षी 4 जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, टेड रोड्स मरण पावले होते. आपल्या पिढीतल्या उत्तम खेळाडूंमध्ये ज्यांची गणना होते, त्यांना कुणीही काहीही माफ केले नाही, कुणीही त्यांचा चेंडू उचलून दिला नाही. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या म्हणून निकलॉस लहान होत नाहीत. पण त्या एका दोन-तीन फुटांच्या फटक्यावर गेली पन्नास-पंचावन्न वर्षे जेवढे लिहिले गेले, त्याच्या शतांशही रोड्स यांच्यावर का लिहिले गेले नाही, हे विचारायला नको काय?

अमेरिकेच्या रायडर संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू आला तो 1979 मध्ये, ली एल्डर. एल्डर यांचा जन्म 1934 चा, म्हणजे ज्या वर्षी ते कलम लिहिले गेले त्याच वर्षीचा. युरोप खंडासाठी दार उघडले तेही 1979 मध्येच. समुद्रापलीकडच्या स्पॅनिश खेळाडूंना संघात घेण्याची आणि घरातल्या काळ्या माणसाला संघात पाहण्याची वेळ एकच आली, यातला अर्थ ज्याने त्याने घ्यावा.

हे एका अमेरिकेचेच पाप आहे असेही नाही. दक्षिण आफ्रिकेतील डर्बनचे पापवा सेवगोलम हे भारतीय वंशाचे, उसाच्या मळ्यांसाठी नाताळमध्ये नेलेल्या गिरमिटिया मजुरांच्या समाजातले. तेही कॅडीच. शाळेचे तोंड पाहिलेले नाही, काठी धरण्याची पद्धतही उलटी, उजवा हात वर आणि डावा खाली. या माणसाने 1959 आणि 1960 मध्ये डच ओपन जिंकली. 1963 मध्ये डर्बन कंट्री क्लबवर नाताळ ओपन जिंकली. बक्षीस समारंभाच्या वेळी पाऊस आला. गोरे खेळाडू आणि पाहुणे क्लबघरात गेले. वर्णद्वेषी कायद्याने पापवांना आत प्रवेश नव्हता, म्हणून विजेत्याला बक्षीस बाहेर पावसात उभे करून दिले गेले. ते छायाचित्र जगभर छापून आले. पुण्याच्या मैदानावर पाळवणकर बाळू यांना संघासोबत खेळूनही चहा मात्र तंबूच्या बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे, हे वाचकांना ठाऊक आहे. चेंडू शिवला तर चालतो, कप शिवला तर चालत नाही. डर्बनची ती ओली सायंकाळ आम्हाला म्हणूनच परकी वाटत नाही.

पापवांनी 1965 मध्ये त्याच नाताळ ओपनमध्ये गॅरी प्लेअर यांना हरवले. प्लेअर म्हणजे त्या देशाचा जगप्रसिद्ध गोरा खेळाडू. त्यानंतर सरकारने पापवांना गोऱ्यांच्या स्पर्धांत खेळायला बंदी केली, पासपोर्टही काढून घेतला. 1978 मध्ये ते गरिबीत वारले.

2003 मध्ये त्याच दक्षिण आफ्रिकेत, फॅनकोर्टच्या मैदानावर अमेरिका विरुद्ध युरोपबाहेरचे देश अशी प्रेसिडेंट्स चषकाची स्पर्धा झाली. 17-17 अशी बरोबरी झाली. निकाल लावण्यासाठी अमेरिकेचे टायगर वुड्स आणि दक्षिण आफ्रिकेचे एर्नी एल्स तीन होल खेळले. तरी बरोबरी, आणि अंधार पडला. अमेरिकेचे कर्णधार निकलॉस, समोरचे कर्णधार गॅरी प्लेअर. दोघांनी चर्चा करून चषक वाटून घेतला. दोन्ही बाजूंचे खेळाडू खूश झाले. त्या संध्याकाळी अमेरिकेचा भार वाहत होता एक कृष्णवर्णीय खेळाडू आणि समोरच्या संघात होते फिजीचे विजय सिंग. पापवांच्या पावसाला तेव्हा चाळीस वर्षे झाली होती. ही बरोबरी आम्हाला 1969 च्या बरोबरीपेक्षा अधिक मोलाची वाटते. कारण इथे ज्यांना वाटा मिळाला, त्यांत पूर्वी ज्यांना दाराबाहेर उभे केले त्यांचीही माणसे होती.

बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत सांगितले होते, की हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र होऊ शकत नाहीत आणि बंधुभाव नसेल तर समता व स्वातंत्र्य रंगाच्या वरवरच्या थराइतकेच टिकतील. ते बोलले भारताबद्दल. पण ज्या गर्दीला ‘यूएसए, यूएसए’ असे ओरडताना आपण कुणाला वगळून ओरडतो आहोत हे कळत नाही, तिलाही ते लागू पडते. बेथपेज ब्लॅक हे न्यूयॉर्क राज्याच्या मालकीचे, जनतेचे मैदान आहे. सामान्य माणसे तिथे खेळायला मिळावे म्हणून रात्र रात्र मोटारीत झोपून नंबर लावतात. त्याच मैदानावर या स्पर्धेच्या एका दिवसाचे तिकीट सुमारे 750 डॉलर होते. त्या शिव्या कोणत्या वर्गाच्या तोंडून आल्या, हे तिकिटाच्या दरावरून कळते. मैदानावर उतरलेल्या दोन्ही संघांच्या 24 खेळाडूंत एकही कृष्णवर्णीय नव्हता. 1927 पासून अमेरिकेच्या संघात ली एल्डर, कॅल्विन पीट आणि टायगर वुड्स एवढेच कृष्णवर्णीय खेळाडू आले.

पीजीएने 2009 मध्ये टेड रोड्स आणि बिल स्पिलर यांना मरणोत्तर सभासद करून घेतले. रोड्स यांना जाऊन तेव्हा 40 वर्षे झाली होती, स्पिलर यांना 21. ज्या संघटनेला ही गोष्ट करायला इतकी वर्षे लागली, ती बेथपेजच्या प्रकाराबद्दल काही दिवसांत दिलगिरी व्यक्त करू शकते. दिलगिरी लवकर आली, ठीकच आहे.

2027 मध्ये पुढचा रायडर चषक आयर्लंडमध्ये, अडेर मॅनॉर येथे होणार आहे. त्या वर्षी या स्पर्धेला शंभर वर्षे पूर्ण होतील. बियांच्या पुड्या विकणाऱ्या रायडर साहेबांचे गुणगान होईल, निकलॉस आणि जॅकलिन यांचे ते छायाचित्र पुन्हा पुन्हा दाखवले जाईल. त्यासोबत 1934 ते 1961 या सत्तावीस वर्षांचा एक तरी फलक तिथे लागतो का, आणि सिफोर्ड, स्पिलर व रोड्स यांची नावे त्यावर असतात का, हे आम्ही पाहणार आहोत.